फिलिंग भरायला शिकवण्याआधी तपासायला शिकवा

पत्र :

"मी डेंटल हायजीनच्या अभ्यासक्रमात शिकवते. यंदापासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फिलिंगचं कामही शिकवायचं ठरलं आहे. म्हणजे कीड काढून दाढ कोरणार डेंटिस्ट, आणि मॅट्रिक्स (दाढेला लावायची पातळ पट्टी) लावून, कंपोझिट (दाताच्या रंगाचं मटेरियल) भरून, पॉलिश करून देणार हायजिनिस्ट. माझ्या सोळा मुलामुलींचा स्केलिंगमधला, म्हणजे दात खरवडून साफ करण्यातला, हात चांगला बसलाय. पण फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, क्लास टूचं (शेजारच्या दाढेकडच्या बाजूचं) फिलिंग करायला घेतलं की सगळं बिघडतं. दोन दाढांमध्ये फट राहते, नाहीतर हिरडीच्या बाजूला मटेरियल बाहेर येतं. तीन महिन्यांत जेमतेम चौघांना जमू लागलंय. एक सहकारी म्हणतात, हे हायजिनिस्टचं कामच नव्हे. आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी परवा रडत म्हणाली, 'मॅडम, माझे हात यासाठी नाहीत.' तासिका वाढवून मागू का? की माझ्या शिकवण्यातच काही चुकतंय?"

उत्तर :

नमस्कार मॅडम,

त्या मुलीचं वाक्य दिवसभर माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हिरडीच्या आत चार-पाच मिलिमीटर खोल, डोळ्यांना अजिबात न दिसणारा कॅल्क्युलसचा (दातावर कडक झालेल्या थराचा) कण जी मुलगी एक्सप्लोररच्या (तपासायच्या अणकुचीदार उपकरणाच्या) टोकानं ओळखते, तिचे हात फिलिंगसाठी नाहीत हे मी मानणार नाही. हात तयार आहेत. आपण नेमकं काय घडवतोय आणि ते नीट झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, एवढंच तिला अजून कळलेलं नाही. त्यामुळे तासिका वाढवून मागू नका, निदान आत्ता तरी. आधी शिकवण्याचा क्रम उलटा करून बघा.

आपण सगळे साधारण असं शिकवतो : आधी लेक्चर, मग डेमो, मग विद्यार्थी फिलिंग करतो आणि शेवटी आपण येऊन सांगतो, "कॉन्टॅक्ट उघडा आहे, परत कर." (कॉन्टॅक्ट म्हणजे दोन दाढा एकमेकींना टेकतात ती जागा.) मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. यात काम चुकलंय हे विद्यार्थ्याला सगळ्यात शेवटी कळतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. अशा दहा फेऱ्या झाल्या की त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसते, ती म्हणजे आपल्याला जमत नाही. कुठे जमत नाही, कुठल्या पायरीवर, हे मात्र अंधारातच राहतं.

मी नंतर काय करायला लागले ते सांगते. पहिले तीन तास कंपोझिट कुणाच्या हातात द्यायचंच नाही. वीसेक टायपोडाँटच्या (सरावाच्या कृत्रिम जबड्याच्या) दाढा घ्यायच्या, त्यांत आपण स्वतः फिलिंग करून ठेवायची आणि त्यातल्या निम्म्यांत मुद्दाम दोष ठेवायचे. एकीचा कॉन्टॅक्ट उघडा, एकीला हिरडीकडे ओव्हरहँग (बाहेर आलेली फिलिंगची कड), एकीची मार्जिनल रिज (दाढेच्या माथ्याची कड) शेजारच्या दाढेपेक्षा खाली गेलेली, एकीच्या आत पोकळी, एक चावताना उंच. नंबर टाकून ताट फिरवायचं. विद्यार्थ्याच्या हातात आरसा, एक्सप्लोरर, फ्लॉस आणि चावण्याची खूण उमटवणारा आर्टिक्युलेटिंग पेपर. त्यानं प्रत्येक दाढ तपासायची, दोष लिहायचा आणि श्रेणी द्यायची. श्रेणीसाठी १९७१ सालच्या क्वार आणि रायगे यांच्या निकषांतली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही भाषा सोपी करून वापरता येते : अल्फा म्हणजे चोख, ब्राव्हो म्हणजे उणीव आहे पण चालेल, चार्ली म्हणजे काढून पुन्हा करा. मुलं ही भाषा एका तासात उचलतात.

पहिल्या फेरीत मी त्यांना डोळे मिटायला सांगते. फ्लॉस दोन बोटांवर ताणून कॉन्टॅक्टमधून हळूच खाली न्यायचा. चांगला कॉन्टॅक्ट असेल तर तो क्षणभर अडतो आणि मग टक्कन खाली उतरतो. तो झटका बोटांना कळतो, कधी कधी कानालाही. उघड्या कॉन्टॅक्टमध्ये फ्लॉस न अडता सरळ घसरतो. ओव्हरहँग असेल तर वर येताना अडकतो आणि त्याचे धागे सुटतात. मग एक्सप्लोररचं टोक दाढेवरून फिलिंगकडे आणि फिलिंगवरून परत दाढेकडे न्यायचं. एकाच दिशेनं अडकलं तर मटेरियल जास्त तरी झालंय किंवा कमी तरी पडलंय. कुठल्या दिशेनं अडकलं, त्यावरून कुठला दोष हे ठरतं. हे करताना तुमच्या मुलांचे चेहरे बघा. या कामात ती आपल्या घरात असतात, कारण रोज हिरडीखाली हेच तर करतात.

आणि ओव्हरहँग का वाईट, हे त्यांना नव्यानं सांगावं लागत नाही. दुसऱ्यांनी ठेवलेल्या ओव्हरहँगखालचं साठलेलं प्लाक आणि सुजलेली हिरडी साफ करणारी हीच मंडळी. १९८३ साली निकलाउस लांग आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना मुद्दाम सुमारे १ मिलिमीटर बाहेर आलेल्या कडेची सोन्याची ऑनले (बाहेर घडवून दाढेवर बसवायचं फिलिंग) बसवून पाहिली. काही महिन्यांत तिथल्या जंतूंची घडण पेरिओडॉन्टायटिसमध्ये (हिरडी आणि दाताभोवतीच्या हाडाच्या आजारात) दिसते तशी झाली. चोख कडेच्या ऑनलेभोवती तसं झालं नाही. हा प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते, आणि त्याला जोडून एवढंच म्हणते की आजवर तुम्ही ज्या कडा साफ करत आलात, त्या आता तुम्हीच घडवणार आहात.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे, म्हणजे कॉन्टॅक्टकडे येते. इथे जरा रेंगाळते, कारण सोळांपैकी बारा जण अडकले आहेत ते बहुतेक इथेच.

कंपोझिट दाबून कॉन्टॅक्ट मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. अमाल्गम (चांदीसारखं दिसणारं धातूचं फिलिंग) कंडेन्सरनं ठोकून बसवता यायचं, त्या जोरानं बँड, म्हणजे मॅट्रिक्सची पट्टी, बाहेर ढकलला जायचा आणि शेजारच्या दाढेला टेकायचा. कंपोझिट तसं करत नाही. कितीही दाबलं तरी मटेरियल दाबाखालून निसटतं आणि बँड होता तिथेच राहतो. म्हणजे कॉन्टॅक्ट कुठे आणि कसा होणार हे मटेरियल आत जाण्याआधीच ठरलेलं असतं. बँडची जाडी साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण फिलिंग झाल्यावर बँड काढला की तेवढी फट मागे राहते आणि फ्लॉसला ती पुरेशी असते. ही जाडी भरून काढायची तर वेजनं, म्हणजे दाढांमध्ये रोवायच्या छोट्या पाचरीनं, दोन्ही दाढा किंचित बाजूला सारलेल्या हव्यात, म्हणजे वेज काढल्यावर त्या परत जागेवर येऊन एकमेकींना भिडतात.

वेजची कामं दोन. हिरडीकडची कड बंद करायची आणि दाढा दूर सारायच्या. विद्यार्थी पहिलं लक्षात ठेवतो आणि दुसरं विसरतो. मग वेज हलकेच आत सरकवतो, ती पडत नाही हे बघतो आणि पुढे जातो. वेज घट्ट रोवावी लागते, आणि सहसा जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूनं, कारण तिकडची फट मोठी असते. फार वर बसली तर तीच बँडला आत ढकलते आणि कॉन्टॅक्टची जागा चपटी करून टाकते. हे एकदा आरशात दाखवा, मुलं विसरत नाहीत. तुमच्याकडे सेक्शनल मॅट्रिक्स (दाढेच्या एकाच बाजूला लावायचा) आणि रिंग असेल तर क्लास टूसाठी तीच वापरा. रिंग दाढा बाजूला सारण्याचं काम करते आणि गोलाई असलेल्या बँडमुळे कॉन्टॅक्टचा आकारही बरा येतो. पण टॉफलमायरही (पूर्ण दाढेभोवती गुंडाळायचा मॅट्रिक्स) शिकवाच, कारण ज्या क्लिनिकमध्ये ती उद्या काम करतील तिथे काय असेल हे आपल्या हातात नाही.

म्हणून माझा नियम असा : दहा वेळा मॅट्रिक्स लावायचा, एकदाही फिलिंग भरायचं नाही. बँड, वेज, मग गोल टोकाच्या बॉल बर्निशरनं आतून बँड शेजारच्या दाढेवर घासायचा. मग थांबायचं. हिरडीकडच्या कडेवरून एक्सप्लोरर फिरवायचा, कुठेही आत शिरता कामा नये. बँड शेजारच्या दाढेला कुठे टेकलाय हे आरशात बघून कागदावर काढायचं. मी बघून होकार दिला की सगळं सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मुलं कंटाळतात. चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र कुणीतरी मला न बोलावता स्वतःच वेज काढून दुसऱ्या मापाची घालतं, आणि त्या दिवसापासून ते मूल वेगळं काम करायला लागतं. पुढच्या कंपोझिटचं अर्धं काम तिथे झालेलं असतं.

मटेरियल भरतानाची एक खोड तुमच्या विद्यार्थ्यांमध्ये खास दिसेल. स्केलिंगचा हात ओढणारा असतो. क्युरेट आत बसवायची आणि ताकद लावून बाहेर ओढायची, हे दोन वर्षं हाडीमाशी भिनलेलं. कंपोझिट चिकट असतं, ओढलं की भिंतीपासून सुटून उपकरणाबरोबर वर येतं आणि खाली पोकळी राहते. इथे हात टेकवणारा हवा. थापायचं आणि उपकरण बाजूला सरकवून सोडवायचं, वर उचलायचं नाही. टोक दर वेळी पुसून स्वच्छ ठेवायचं. फिंगर रेस्ट मात्र तोच, आरशात बघून काम करायची सवय तीच. हे मुलांना मुद्दाम सांगा, की तुमचं निम्मं शिक्षण आधीच झालंय आणि फक्त ताकदीची दिशा बदलायची आहे.

भरण्याचा क्रम : आधी शेजारच्या दाढेकडची भिंत मार्जिनल रिजपर्यंत उभी करायची. भिंत झाली की क्लास टूचं क्लास वन (फक्त चावायच्या पृष्ठभागावरचं) झालं. मग एकेक कस्प (दाढेचा उंचवटा). थर २ मिलिमीटरपेक्षा जाड नको. मटेरियल बल्क-फिल (जाड थरात भरायचं) असेल तर कंपनीनं दिलेल्या मापापर्यंत.

आता लाइट क्युअरिंगबद्दल, म्हणजे निळ्या प्रकाशानं कंपोझिट कडक करण्याबद्दल, कारण याकडे शिकवणाऱ्यांचंही दुर्लक्ष होतं. वरचा थर कडक लागला की झालं, असं मुलांना वाटतं. खालचं काय झालं ते दिसत नाही. एक साधा प्रयोग करा. मॅट्रिक्स बँडची पट्टी गुंडाळून सहा मिलिमीटर उंचीच्या छोट्या नळ्या करा, काचेच्या पट्टीवर उभ्या ठेवा आणि कंपोझिटनं भरा. एका नळीवर लाइटचं टोक अगदी टेकवून वीस सेकंद, दुसरीवर आठ मिलिमीटर वरून, तिसरीवर टोक तिरकं धरून. मग नळी सोडवून खालचं मऊ राहिलेलं मटेरियल प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून टाका आणि उरलेल्या कडक भागाची उंची मोजा. खरवडून मोजण्याची ही पद्धत प्रयोगशाळेतही वापरतात आणि मोजलेल्या उंचीच्या निम्मी खोलीच हिशेबात धरतात. तीन नळ्यांच्या तीन उंची टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या की मला एक शब्दही बोलावा लागत नाही. क्लास टूमध्ये हिरडीकडचा तळ लाइटच्या टोकापासून किती दूर असतो, हे त्यांचं त्यांनाच आठवतं.

दुसरी गोष्ट नारिंगी चष्म्याची. निळा प्रकाश डोळ्यांना खुपतो म्हणून मुलं नजर वळवतात, आणि नजर वळली की हातही वळतो. वीस सेकंदांत टोक दाढेवरून कुठच्या कुठे सरकलेलं असतं. चष्मा लावायला सांगा आणि क्युअरिंग चालू असताना टोकाकडे बघतच राहायला सांगा. एवढ्यानं कितीतरी फिलिंग्ज सुधारतात.

एचिंग-बाँडिंगचे (दाताला आम्ल लावून मग मटेरियल चिकटवण्याचे) तपशील तुम्हाला माहीत आहेत, ते लिहीत नाही. फक्त प्लास्टिकच्या दातांवर बाँडिंग खऱ्यासारखं होत नाही हे ध्यानात ठेवा. काढलेले, निर्जंतुक केलेले खरे दात मिळवून निदान चार फिलिंग्ज त्यांवर करून घ्या. एच केल्यावर वाळवलेलं इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं, ते एकदा तरी स्वतःच्या हातानं करून बघायला हवं.

कोरडं कार्यक्षेत्र हा विषय तुमची मुलं सहज जिंकतील. सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली रबर डॅम (दात कोरडा ठेवणारी रबराची पातळ चादर) आणला. आजही तो लावायचा कंटाळा करणारे आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून त्याशिवाय काम करूच देऊ नका. आणि हिरडीतून रक्त येत असेल तर काय करायचं हे त्यांना डेंटिस्टपेक्षाही पक्कं ठाऊक असतं : तातडीचं काही नसेल तर आधी स्केलिंग करायचं, ब्रश-फ्लॉस समजावायचं, आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे, मग हिरडी आवळून आल्यावर क्लास टू. हा निर्णय सुचवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना द्या. त्या खुर्चीपाशी त्यांना स्वतःचं वजन जाणवेल.

दाढेची घडण हा मात्र त्यांचा कच्चा भाग असतो, खोटं कशाला सांगू. पहिली खालची दाढ न बघता कागदावर काढायला सांगा, पाचही कस्प आणि मधल्या खाचा. नाही आली तर मेणावर कोरून घ्या. ज्याला दाढ आठवत नाही तो कंपोझिट ढिगासारखं भरतो आणि मग बरनं (ड्रिलच्या टोकानं) खाऊन आकार आणायला जातो, त्यात कडेचं चांगलं इनॅमलही जातं.

आता गुणांचं. विद्यार्थ्यानं फिलिंग संपवलं की आधी त्यानं स्वतः तपासायचं, त्याच तक्त्यात श्रेणी लिहायची, मग तुम्ही तुमची लिहायची. गुण फिलिंगला द्याच, पण दोन श्रेणींमधल्या अंतरावर जास्त लक्ष ठेवा. ज्याचं फिलिंग चार्ली आहे आणि जो स्वतःही चार्ली लिहितो, त्याची मला काळजी नसते. चार्लीला अल्फा लिहिणारा आहे त्याला पेशंटजवळ नेऊ नका. आणि त्याआधी तुम्ही शिकवणारे सगळे एकत्र बसा, त्याच ताटातल्या दहा दाढा एकमेकांना न दाखवता तपासा. एका मॅडमची अल्फा ती दुसऱ्या सरांची चार्ली असेल तर मुलांनी कुणाचं ऐकायचं? आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा दहांपैकी चारच दाढांवर आमचं एकमत झालं होतं. ती दुपार फार उपयोगी पडली.

तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याविषयी. हायजिनिस्टनं काय करावं आणि काय नाही हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो आणि तो काटेकोर पाळायलाच हवा. मुलांना कायद्याचा तो परिच्छेद पाठ असला पाहिजे. पण "जमणार नाही" या शब्दांना इतिहास साथ देत नाही. न्यूझीलंडमध्ये १९२१ साली डेंटल नर्सचं खास प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं त्या शाळकरी मुलांच्या दातांत फिलिंग करत होत्या. बोस्टनच्या फोर्साइथ डेंटल सेंटरमध्ये १९७२ ते १९७४ या काळात राल्फ लोबीन यांच्या नेतृत्वाखाली हायजिनिस्टना दाढ कोरण्यापासून भरण्यापर्यंत सगळं शिकवलं गेलं आणि त्यांचं काम डेंटिस्टच्या कामाशी ताडून पाहिलं तेव्हा ते उतरलं. तो प्रयोग थांबला तो कायद्यात बसत नव्हता म्हणून, कामाच्या दर्जामुळे नव्हे. तुमच्याकडे तर कोरायचं काम डेंटिस्टकडेच आहे. सहकाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना ताटातल्या दाढा तपासायला बोलवा.

पेशंटवर जाताना घाई नको. आधी छोटी क्लास वन, मग दाताच्या मानेजवळची क्लास फाइव्ह, मग क्लास टू. पेशंटला काम विद्यार्थी करणार आहे हे आधी सांगून त्याची संमती घ्या. दर फिलिंगला डेंटिस्टनं दोनदा बघायचं : मॅट्रिक्स लावून झाल्यावर आणि काम संपल्यावर. पुढच्या दातांचं काम असेल तर शेड रबर डॅम लावण्याआधी ठरवा, कारण दात वाळला की पांढरा दिसतो आणि ठरवलेली शेड नंतर फसते.

राहिली ती मुलगी. तिला पुढच्या आठवड्यात बाजूला घ्या आणि ते दोषांचं ताट तिच्याकडून करून घ्या. तिला सांगा, एका दाढेत बरोबर एक मिलिमीटरचा ओव्हरहँग हवाय, जास्त नको, कमी नको. तो मुद्दाम करायला लागली की वेज किती सैल सोडायची, बँड कुठे उचलायचा, मटेरियल कुठून निसटतं, हे सगळं तिच्या बोटांना कळेल, आणि आपण फसलो अशी भीतीही नसेल, कारण मुद्दाम बिघडवणं हेच काम आहे. दुसऱ्या दाढेत उघडा कॉन्टॅक्ट करायला सांगा. मग त्याच बैठकीत, त्याच हातांनी, तिसऱ्या दाढेत घट्ट कॉन्टॅक्ट. तिन्ही झाल्यावर तुम्ही काही बोलू नका. फ्लॉस तिच्या हातात द्या आणि तिसऱ्या दाढेपाशी तिच्याबरोबर थांबा.

काय झालं ते मला कळवा. वाट बघते.